सेनासाहेबसुभ्याचा वनवास

नागपूरकर भोसल्यांना आपण सहज 'राजे' म्हणतो. इंग्रजांच्या कागदपत्रांतही ते राजेच आहेत. परंतु साताऱ्याच्या छत्रपतींकडून या घराण्याला मिळालेले आणि घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने मिरविलेले पद निराळे होते. ते पद म्हणजे 'सेनासाहेबसुभा'. सिंहासनावर बसलेला हा पुरुष नात्याने फौजेचा एक अंमलदार होता; छत्रपतींचा सेनानी म्हणून त्याने मुलूख मिळवावा, राखावा आणि हाक आली की घोड्यावर बसावे, अशी या पदामागची कल्पना होती. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे दुसऱ्या मुधोजीचे, अर्थात आप्पासाहेब भोसल्याचे, चरित्र एका वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. ते एका पदच्युत राजाचे चरित्र आहेच. पण त्याहून अधिक ते एका सेनानीचे चरित्र आहे. ज्याचे युद्ध सहा महिन्यांत संपले आणि ज्याचा वनवास बावीस वर्षे चालला, असा हा सेनानी. त्याच्या युद्धाचा शेवटचा आणि सर्वांत रक्तरंजित अंक नागपुरात घडला नाही. तो आपल्या या चांद्यात घडला. म्हणून आजचा विषय आम्ही इथल्या श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

प्रथम चांद्याचा आणि या घराण्याचा संबंध पाहू. अठराव्या शतकाच्या मध्याला पहिल्या रघूजीने चांद्याचे गोंड राज्य बुडविले. शेवटचा गोंड राजा नीळकंठशाह बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदी होऊन राहिला, आणि खांडक्या बल्लाळशाहाने पाया घातलेले हे तटबंदीचे नगर भोसल्यांचे ठाणे झाले. १७५५ साली रघूजी वारला. मुलांच्या वाटणीत नागपूरची गादी आणि सेनासाहेबसुभा हे पद जानोजीला मिळाले. धाकट्या मुधोजीच्या वाट्याला 'सेनाधुरंधर' हा किताब आणि चांद्याकडचा मुलूख आला. पुढे याच मुधोजीचा मुलगा दुसरा रघूजी नागपूरच्या गादीवर असताना चांदा त्याच्या भावाकडे, व्यंकोजी ऊर्फ मन्याबापूकडे होता. व्यंकोजी १८११ साली काशीस वारला. त्याचा मुलगा तो आप्पासाहेब. तेव्हा चांदा हे आप्पासाहेबाच्या बापाच्या वाटणीचे ठाणे होते. संकट आले की त्याचे मन नागपूरच्या वाड्याकडून या तटाकडे का वळत असे, हे यावरून कळते.

२२ मार्च १८१६ रोजी दुसरा रघूजी वारला. त्याचा मुलगा परसोजी देहाने आणि बुद्धीने दुबळा. कारभार कोणी पाहावा यावरून वाड्यात दोन तट पडले आणि विशीतला आप्पासाहेब कारभारी झाला. वाड्यातल्या प्रतिपक्षाची धास्ती त्याला इतकी होती, की आधार म्हणून त्याने रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचा हात धरला. जी गोष्ट दुसऱ्या रघूजीने मरेपर्यंत टाळली होती, ती याने दोन महिन्यांत केली. मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह झाला. आपल्याच नातलगांपासून बचाव व्हावा म्हणून परक्याची फौज घरात घेण्याचा हा प्रकार मराठेशाहीत नवा नव्हता. वसईस १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने हेच केले होते. दोघांनाही आपली चूक उमगली ती एकाच वर्षी, १८१७ मध्ये. आणि तोवर उशीर झाला होता.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी बिछान्यात मृत आढळला. आप्पासाहेब त्या वेळी नागपुरात नव्हता. तो चांद्यास आला होता. हा खून त्याच्याच सूत्राने झाला असा आरोप पुढे इंग्रजांनी त्याच्यावर ठेवला. इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मृत्यू झाला तेव्हा जेन्किन्सने नव्या राजाला मान्यता दिली. आरोपाची धार चढली ती आप्पासाहेब शत्रू झाल्यावर. ज्या लेखणीने हा आरोप टिपून ठेवला ती विजेत्याची लेखणी होती. तथापि एवढ्यावरून आप्पासाहेबाला निर्दोष ठरविण्याची घाईही आम्ही करणार नाही. परसोजीच्या मरणाचा लाभ कोणाला झाला, या प्रश्नाला एकच उत्तर आहे. या माणसाच्या चरित्राला इथे एक काळा डाग आहे आणि तो पुसून त्याचा पुतळा करण्यात इतिहासाची सेवा नाही.

गादीवर बसल्यावर आप्पासाहेबाला तैनाती फौजेचा खरा अर्थ कळला. खर्च राजाचा आणि हुकूम रेसिडेंटचा, असा तो कारभार होता. पुण्यात बाजीरावाचीही हीच गत झाली होती. दोघांचे गुप्त बोलणे सुरू झाले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर एका आठवड्याने, २४ नोव्हेंबरला, आप्पासाहेबाने नागपुरात दरबार भरवून पेशव्याची खिलत आणि सेनापतिपद जाहीरपणे स्वीकारले. जेन्किन्सने दरबारास येण्याचे नाकारले.

या तारखा एकाखाली एक मांडून पाहाव्या. ज्या पेशव्याने सेनापतिपद पाठविले त्याची राजधानी आठवड्यापूर्वीच गेली होती. हेच पाऊल तीन आठवडे आधी पडते, पुण्याची आणि नागपूरची फौज एकाच दिवशी उठती, तर इंग्रजांना दोन ठिकाणी तोंड द्यावे लागले असते. पण आप्पासाहेबाचा निर्णय नेहमी थोडा उशिरा येई. त्याच्या अंगी धैर्य नव्हते असे नाही, निश्चय नव्हता. सेनानीच्या बाबतीत हा दोष भित्रेपणाहून घातक ठरतो. कारण भित्रा सेनानी लढाईच टाळतो, आणि अनिश्चयी सेनानी लढाई सुरू करून देऊन माणसांना मध्येच सोडतो.

सीताबर्डीवर हेच झाले. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या बाजूला सुमारे चौदाशे माणसे होती; नागपूरची फौज तिच्या कितीतरी पट, आणि तीत तीन-चार हजार अरब. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी दोहोंपैकी लहान टेकडी जिंकलीसुद्धा. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी मैदानात मुसंडी मारली आणि पारडे फिरले. इंग्रजांकडील मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेवर गेले. म्हणजे दर चार माणसांत एक. इतक्या जवळ आलेला विजय निसटला, आणि लगेच राजाचे वकील रेसिडेंटकडे दिलगिरी घेऊन गेले की ही लढाई आमच्या मर्जीविरुद्ध झाली. टेकडीवर मेलेल्या अरबांनी हे शब्द ऐकले नाहीत, हे त्यांचे भाग्यच म्हणायचे.

डिसेंबरात जनरल डव्हटनची फौज आली. १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत येऊन स्वाधीन झाला. पण त्याची फौज स्वाधीन झाली नाही. त्या दिवशी नागपूरच्या मैदानावर लढाई झाली, आणि शहरातले अरब तर ३० डिसेंबरपर्यंत झुंजत राहिले. गणपतराव सुभेदार उरलेले स्वार घेऊन पेशव्याला जाऊन मिळाला. धनी शरण गेलेला आणि चाकर लढत असलेले, असा उफराटा देखावा नागपूरने पाहिला. ६ जानेवारी १८१८ च्या तहाने आप्पासाहेब पुन्हा गादीवर बसला. पण नर्मदेकाठचा आणि वऱ्हाडातला मुलूख गेला, सीताबर्डीच्या टेकड्या इंग्रजांच्या झाल्या, आणि राजा आपल्याच शहरात पाहुणा झाला.

आता चांदा पुढे येतो. या मानहानीनंतर आप्पासाहेबाने पुन्हा पेशव्याशी संधान बांधले. किल्लेदारांना किल्ले खाली करू नका असे आतून सांगणे, पेशव्याला चांद्याकडे बोलाविणे आणि स्वतः निसटून तिकडे जाणे, असा त्याचा बेत असल्याचा जेन्किन्सचा आरोप होता. बेत युद्धशास्त्राच्या दृष्टीने वेडा नव्हता. चांद्याचा तट कित्येक मैलांच्या घेराचा. एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट. पूर्वेला आणि दक्षिणेला वैनगंगा-प्राणहितेपर्यंत आणि त्याही पलीकडे पसरलेले अरण्य. तोफा ओढीत चालणारी फौज तिथे सहज शिरू शकत नाही, आणि चपळ स्वारांना मात्र महिनोन्‌महिने आसरा मिळतो. परंतु नेहमीप्रमाणे कृतीच्या आधी बातमी फुटली. १५ मार्च १८१८ रोजी जेन्किन्सने आप्पासाहेबाला वाड्यातून कैद केले. बाजीराव निघाला होता खरा. पण कर्नल स्कॉटने त्याची वाट अडविली, आणि १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल ॲडम्सने त्याची फौज उधळली. बाजीरावाला चांद्याचा तट काही गाठता आला नाही.

अशा स्थितीत ९ मे रोजी ॲडम्सची फौज चांद्यापुढे उभी राहिली. आत किल्लेदार गंगासिंग होता. त्याची बाजू क्षणभर डोळ्यांपुढे आणा. ज्याच्या नावाने किल्ला राखायचा तो राजा दोन महिन्यांपासून कैदेत. ज्याची वाट पाहायची तो पेशवा पळत सुटलेला. नागपूरहून कुमक येण्याची आशा नाही, कारण नागपूर आता शत्रूचेच. शरण जाण्याला याहून सबळ कारणे कुठल्याही किल्लेदाराला मिळाली नसतील. इतर कित्येक गडांच्या किल्लेदारांनी त्या वर्षी याहून कमी कारणांवर दरवाजे उघडले होते. गंगासिंगाने दरवाजा उघडला नाही.

चांद्याचा वैशाख काय असतो हे आपल्याला सांगायला नको. त्या उन्हात मोर्चे बांधले गेले आणि तोफा तटावर धडकू लागल्या. मैलोगणती लांबीचा तट ही गंगासिंगाची ताकद होती तशीच ती त्याची अडचणही होती. एवढा घेर राखायचा म्हणजे हजारो माणसे हवीत, आणि त्याच्याजवळ तेवढी नव्हती. आग्नेय कोपऱ्याकडे १९ मे रोजी तटाला खिंडार पडले. २० मेच्या सकाळी इंग्रज फौज त्या खिंडारातून आत शिरली. इंग्रजांची माणसे थोडी पडली. आतली शेकडो पडली, आणि त्यांत गंगासिंग होता. इंग्रज तोफखान्याचा एक मेजर त्या दिवशी गोळीने नव्हे, ऊन आणि श्रम सहन न होऊन मेला. शहर लुटले गेले.

याच दिवसांत तिकडे जबलपूरच्या अंगाला काय चालले होते? आप्पासाहेबाला प्रयागच्या किल्ल्यात ठेवण्यासाठी मेच्या आरंभी नागपूरहून रवाना केले होते. पहाऱ्यावर कॅप्टन ब्राऊन होता. रायचूर नावाच्या एका मुक्कामी (कर्नाटकातले प्रसिद्ध रायचूर हे नव्हे), १३ मेच्या पहाटे, पहाऱ्यातले काही शिपाई फोडून आणि स्वतः शिपायाचा वेश करून आप्पासाहेब निसटला. बिछान्यावर उशी ठेवून सेवक तिचेच पाय चेपीत बसले होते, असे सांगतात. म्हणजे चांद्यापुढे शत्रूचे मोर्चे उभे असताना आणि गंगासिंगाच्या आयुष्याचे सात दिवस उरले असताना, ज्याच्यासाठी तो लढत होता तो धनी मोकळा झाला होता. पण चांद्याच्या उपयोगी पडेल इतक्या वेळेवर नव्हे.

येथून आप्पासाहेबाचा वनवास सुरू होतो, आणि येथूनच, नवलाची गोष्ट अशी, की तो खरा सेनानी झालेला दिसतो. पचमढीच्या भोवतालच्या महादेवाच्या डोंगरांत त्याने आश्रय घेतला. हरईचा चैनशाह, पचमढीचा मोहनसिंग असे गोंड सरदार त्याच्या पाठीशी उभे राहिले. ज्या घराण्याने चांद्याचे गोंड राज्य बुडविले आणि नीळकंठशाहाला बल्लारपुरात कोंडले, त्याच घराण्याच्या पळालेल्या वंशजाला गोंडांनी डोंगरात ठाव दिला! दारी आलेल्याला अंतर द्यायचे नाही, हा अरण्याचा न्याय राजवाड्यांतल्या हिशेबांहून निराळा असतो. २० जुलै १८१८ रोजी बैतूलजवळ कॅप्टन स्पार्क्सची सुमारे शंभर शिपायांची तुकडी आप्पासाहेबाच्या पक्षाच्या अरबांनी आणि गोंडांनी जवळजवळ सबंध कापून काढली; पुढच्याच महिन्यात मुलताई घेतली. ज्याने राजवाड्यातून हुकूम सोडून पुन्हा ते नाकारले होते, त्याच्या नावाने आता डोंगरातली माणसे स्वखुशीने लढत होती. त्याला धरून देणाऱ्याला इंग्रजांनी मोठे बक्षीस लावले होते. त्या गरीब डोंगरी मुलखात ते घेणारा कोणी निघाला नाही.

हिवाळ्यात इंग्रजांनी डोंगर चोहोंकडून आवळले. फेब्रुवारी १८१९ मध्ये आप्पासाहेब चित्तू पेंढाऱ्यासह अशीरगडाकडे निघाला. चित्तू पुढे जंगलात वाघाच्या तोंडी पडला. अशीरगडचा किल्लेदार जसवंतराव लाड हा शिंद्यांचा. त्याने आप्पासाहेबाला आश्रय दिला असा वहीम येऊन इंग्रजांनी गड वेढला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो पडला. आत आप्पासाहेब नव्हता. तो वेषांतर करून उत्तरेकडे निघून गेला होता.

पंजाबात रणजितसिंगाने त्याला काही काळ थारा दिला. पण १८०९ च्या अमृतसरच्या तहाने रणजितसिंग इंग्रजांच्या मैत्रीत बांधलेला. त्याला हा पाहुणा फार काळ परवडण्याजोगा नव्हता. मग हिमालयाच्या पायथ्याचे मंडी संस्थान, आणि शेवटी मारवाड. जोधपूरच्या महाराजा मानसिंगाने त्याला नाथपंथीयांच्या महामंदिरात ठेवून घेतले आणि इंग्रजांनी मागणी केली तेव्हा शरणागताला स्वाधीन करण्याचे नाकारले. तिथे १८४० साली आप्पासाहेब वारला. वय चव्वेचाळिसाच्या आसपास. त्यातली बावीस वर्षे परमुलखात. मधल्या काळात नागपूरच्या गादीवर दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा तिसरा रघूजी बसला होता. तो १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. म्हणजे ज्यांनी तह पाळले त्यांचे राज्यही राहिले नाहीच. आप्पासाहेब मुकाट बसता तर राज्य वाचते, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

याच वर्षी बाजीरावाने काय केले तेही ताडून पाहावे. ३ जून १८१८ रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला, सालीना आठ लाखांचा तनखा घेऊन ब्रह्मावर्तास राहिला आणि तिथे १८५१ पर्यंत जगला. आप्पासाहेबालाही शरण जाऊन पोटापाण्याची सोय करून घेण्याचा मार्ग होता. तो त्याने पत्करला नाही. फकिराच्या वेषात भटकला, देवळाच्या आसऱ्याने राहिला, पण पुन्हा रेसिडेन्सीची पायरी चढला नाही. सीताबर्डीच्या दिवशी ज्याला 'होय' की 'नाही' हे ठरविता येत नव्हते, त्याने पुढे बावीस वर्षे एकच 'नाही' सांभाळले.

मग त्याचा न्याय कसा करावा? वनवास माणसाला उजळ करतो, असा आपल्या मनाचा एक जुना संस्कार आहे. रामायण-महाभारताच्या कथांवर वाढलेले आपण. वनात गेलेला राजपुत्र दिसला की त्याच्या बाजूने होतो. हा संस्कार वाईट नव्हे, पण इतिहासाच्या निवाड्यात त्याला आवरले पाहिजे. आप्पासाहेबाच्या वनवासाला आम्ही आदराने नमस्कार करतो. परंतु त्याच्या सत्तेच्या काळाचे देणे त्यातून फिटत नाही. परसोजीचे मरण, परकी फौज आत घेणारा तो तह, लढाई पेटवून नंतर नाकारणे, हे सारे त्याच्या खात्यावर आहे. आणि त्या खात्यातली सर्वांत मोठी रक्कम चांद्याची आहे. धन्याने वेळेवर निश्चय केला असता, तर गंगासिंगाला एकट्याने एवढा मोठा तट राखण्याची पाळी आली नसती. वरच्याच्या दोलायमान मनाचे देणे खालचा माणूस आपल्या प्राणाने फेडतो, हा धडा केवळ फौजेपुरता नाही. नगरपालिका असो, संस्था असो वा घर असो, जिथे एकाच्या शब्दावर दुसरा उभा राहतो तिथे तो लागू आहे.

या अरण्याने पुढे आणखी एक लढा पाहिला. १८५८ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके इंग्रजांवर उठला. अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्याच्यासोबत होता. बाबूरावाला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. व्यंकटराव बस्तरच्या रानात निसटला, पण १८६० साली बस्तरच्या राजाने त्याला इंग्रजांच्या हाती दिले. मानसिंगासारखा पाठीराखा प्रत्येक परागंदा माणसाला लाभत नाही. बाबूरावाचे स्मरण या दोन्ही जिल्ह्यांत आजही होते, आणि ते व्हायलाच हवे. गंगासिंगाचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. त्याच्यामागे ना जमात उभी आहे, ना गादी. तो एक नोकरमाणूस होता. ज्याचे राज्य त्याने राखले ते टिकले नाही, आणि ज्याने त्याला नेमले तो परमुलखात गेला.

चांद्याचा तट मात्र अजून उभा आहे. २०१७ पासून गावातल्या तरुणांनी हाती कोयते-विळे घेऊन त्याच्यावर माजलेली झाडोरा-झुडपे काढण्याचे श्रमदान केले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण दगड स्वच्छ झाले म्हणजे इतिहास वाचता येतोच असे नाही. जटपुरा दरवाज्यातून आपण रोज बाजाराला जातो, पठाणपुऱ्यातून नदीकडे उतरतो. त्याच तटावर १८१८ च्या वैशाखात एक माणूस उभा होता. आपला धनी सुटला की कैदेतच आहे, पेशवा येतो की पळतो, यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याने हाती दिलेले काम शेवटपर्यंत केले. सेनासाहेबसुभ्याच्या पदाचा खरा अर्थ त्या पदावर बसलेल्याला बावीस वर्षांच्या वनवासात हळूहळू समजला. त्याच्या किल्लेदाराला तो पहिल्यापासून ठाऊक होता.